कारण : फिरणे

आमच्या कचेरीत बाईंना सगळे पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. हे नाव मीच ठेवलेलं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मला याहून मोठी कबुली द्यायची आहे, तेव्हा जीभ जरा सैल झालेली बरी.

बाईंचं काम बांधकामाचे नकाशे तपासण्याचं. शहरात कुणाला घर बांधायचं असो, वर एक खोली चढवायची असो, नाहीतर नुसतं मागचं दार पुढे आणायचं असो, नकाशा बाईंच्या टेबलावरून गेल्याशिवाय वीट हलत नसे. भिंत कुंपणापासून किती लांब, जिना किती रुंद, खिडकीतून उजेड किती, हे सगळं त्या पट्टी लावून मोजत आणि चुकलं तिथे लाल पेन्सिलीने गोल करत. माझं टेबल बरोबर त्यांच्यासमोर. मी टंकलेखक. टंकयंत्रं जाऊन संगणक आले त्याला जमाना झाला, पण माझ्या पदाचं नाव कुणी बदललं नाही आणि मीही फारसा बदललो नाही. बाईंनी लाल गोल करायचा आणि मी 'आपला प्रस्ताव खालील त्रुटींमुळे परत करण्यात येत आहे' असं पत्र बडवायचं, अशी आमची एकोणीस वर्षांची जोडी होती.

सकाळी बाई ठीक असत. म्हणजे हसत नसत, पण निदान अंगावर तरी येत नसत. दुपारचं जेवण झालं, अडीच-तीन वाजले, की ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात त्यांचे डोळे लाल व्हायचे, कपाळाला आठी पडायची आणि समोर येईल त्याची धडगत नसायची. आम्ही दारातूनच लोकांना खुणेने सांगायचो, उद्या सकाळी या. समजदार माणूस मुकाट्याने मागे फिरायचा.

एकदा एक आजोबा आले, त्यांना ही खूण कळली नाही. चार वाजले असतील. त्यांनी वहीच्या कागदावर स्वतःच पेन्सिलीने नकाशा काढून आणला होता. घरात बाथरूम वरच्या मजल्यावर, बायकोला जिना चढवत नव्हता, म्हणून खाली एक छोटं बाथरूम बांधायचं होतं. एवढंच. बाईंनी पट्टी लावली आणि त्यांचा पारा चढला. "हा नकाशा आहे? शाळेतल्या पोराने काढलेलं चित्र आहे हे! माप नाही, दिशा नाही, कुंपणापासून अंतर नाही. माझा वेळ काय रस्त्यावर पडलाय?" आजोबांनी कागदाची आधी होती तशीच नीट घडी घातली आणि ते निघून गेले. मी पत्र टाइप केलं, पाठवून दिलं. ते पुन्हा आलेले मला दिसले नाहीत.

त्या दिवशी बाईंनी नंतर एकही नकाशा उघडला नाही. नुसती पट्टी पुसत बसल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर काही बदलला नाही. उलट विचारलं, "दिवसभरात तुम्ही सगळ्यात लांबचं काय बघता?" बाईंनी जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं, "समोरचा टंकलेखक." बाईंना खोटं बोलताच येत नाही, हा त्यांचा जुना आजार आहे. डॉक्टर म्हणे पोट धरून हसले, आणि मग त्यांनी औषध सांगितलं. रोज दुपारी बाहेर पडायचं. झाडं असतील, पाणी असेल, आभाळ दिसत असेल तिकडे चालायचं. लांबचं बघायचं, हलणारं बघायचं. मोबाइल टेबलावर ठेवून जायचं. आणि दुपारभर डोळे कसे होते, डोकं कसं होतं, ते रोज एका वहीत थोडक्यात टिपायचं.

"आणि जाणार कुठे तुम्ही?" मी विचारलं. "इथे कुठे आलीत झाडं?"

बाईंनी भिंतीवरच्या शहराच्या मोठ्या नकाशावर बोट ठेवलं. आमच्या कचेरीच्या मागे, जुन्या पाणीसाठ्याच्या कडेकडेने एक लांबट हिरवा पट्टा होता. आमच्या नकाशांत हिरवा रंग म्हणजे खुली जागा, तिथे बांधकाम नाही, विषय संपला. "वीस वर्षं मी या हिरव्यावर शिक्के मारतेय," त्या म्हणाल्या. "तिथे आहे काय, ते कधी बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी बरोबर दीड वाजता त्यांनी अर्धा खाल्लेला डबा मिटला, चष्मा पुसला, आणि मागच्या गंजलेल्या फाटकातून त्या दिसेनाशा झाल्या. मी पडलो डबा संपवून टेबलावर डोकं टेकणाऱ्यांपैकी. वीस मिनिटांची ती झोप मला साऱ्या नोकरीत सर्वांत प्रिय. "पट्टी घेतलीत ना?" मी मागून ओरडलो. "पानांची मापं घ्यायला!" सगळे हसले. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे.

पण बाईंचं खूळसुद्धा मोजूनमापून असतं. त्या रोज जाऊ लागल्या. परत यायच्या तेव्हा कपड्यांना कुसळं लागलेली असायची, नाकाचा शेंडा लाल झालेला असायचा. एकदा पेन्सिलींच्या डब्यात त्यांनी एक करडं पीस आणून खोचलं. पहिले दोन आठवडे तरी आम्हाला काही फरक दिसला नाही. तिसऱ्या आठवड्यात एक बांधकामवाला भर तीन वाजता आला आणि सपशेल चुकलेला नकाशा त्याने बाईंसमोर पसरला. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाईंनी नकाशा बघितला, खिडकीकडे बघितलं, आणि पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. "बसा," त्या म्हणाल्या. "हे इथे चुकलंय. का चुकलंय, ते सांगते."

खरं सांगतो, तेव्हा माझ्या हातातला कागद खाली पडला.

लाल गोल कमी झाले असं समजू नका. बाईंनी कुणाला एक इंचही सोडलं नाही. पण गोल का केला ते आता माणसाला कळायचं, आणि तो तीन खेपा घालायच्या ऐवजी एका खेपेत नीट करून आणायचा. माझी परतीची पत्रं निम्म्यावर आली. त्यांच्या फिरण्याने माझं काम कमी झालं, माझी झोप वाढली, आणि तरीही मी रोज दीड वाजता पानांच्या मापांचा तो शिळा विनोद करत राहिलो.

आता कबुलीकडे येतो.

कचेरीत एक हालचाल नोंदवही असते. कामाच्या वेळेत उंबरठा ओलांडायचा तर तीत नाव, जाण्याची वेळ, कारण आणि परतण्याची वेळ लिहायची. जेवणाच्या सुट्टीसाठी कुणी लिहीत नाही. पण सुट्टी अर्ध्या तासाची आणि बाईंना फिरून यायला चाळीस मिनिटं लागत. वरची दहा मिनिटं भरून काढायला त्या सकाळी दहा मिनिटं आधी येत, आणि वर रोज नोंदही करत. कारणाच्या रकान्यात त्यांच्या सरळ अक्षरात एकच शब्द असे: फिरणे.

महिनाअखेर या वहीचा गोषवारा टाइप करून मुख्य कचेरीला पाठवायचं काम माझं. आणि मला एका गोष्टीचा फार अभिमान, कचेरीच्या भाषेचा. लोक त्या वहीत काहीच्या बाही लिहितात. कुणी लिहितं 'दाढ ठणकतेय', मी करतो 'वैद्यकीय कारण'. कुणी लिहितं 'मेहुणा येतोय, आणायला जातो', मी करतो 'कौटुंबिक अडचण'. 'आलोच' लिहिणाऱ्याचं मी 'खाजगी काम' करतो. आता 'फिरणे' हा शब्द कचेरीच्या भाषेत आहे का? नाही. 'फिरती' आहे. साहेब फिरतीवर असतात, अभियंते फिरतीवर असतात, म्हणजे कचेरीच्या कामासाठी जागेवर जाऊन पाहणी करतात. तर पहिल्याच महिन्यात माझ्या बोटांनी 'णे' काढलं आणि 'ती' घातलं. बाई फिरायला जातात हे मला पक्कं ठाऊक होतं. फिरतीचा अर्थही ठाऊक होता. पण जेवणानंतर माझ्या बोटांची आणि डोक्याची गाठ पडत नाही. पुढच्या महिन्यापासून मागचाच कागद उघडून मी नुसत्या तारखा बदलत गेलो. असे अकरा महिने.

मग आमच्याकडे नवे साहेब आले, आणि त्यांच्या पाठोपाठ मुख्य कचेरीचं पत्र आलं. नकाशा तपासनीस हे बैठं पद. अकरा महिन्यांत दोनशे सात वेळा फिरती. एकाही फिरतीची दैनंदिनी नाही, पाहणीचा अहवाल नाही. बाईंनी कधी प्रवासभत्ता मागितला नव्हता, म्हणूनच इतके दिवस कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. खोट्या फिरतीच्या नावाखाली कामावरून गैरहजर राहिल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा खुलासा आठ दिवसांत करावा.

बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या फाइलवर शाईचा थेंब सांडला नव्हता. आणि आता आरोप आला तो नेमका खोटेपणाचा. पत्र वाचून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या उठल्या, नोंदवही उघडली, आपल्या ओळीवर बोट ठेवून पानांमागून पानं उलटली. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "गोषवाऱ्याच्या कार्यालयीन प्रती द्या."

मी खणातून काढून दिल्या. त्यांनी पहिली प्रत वाचली, शेवटची वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मी प्रिंटरमध्ये कागद अडकल्याचं सोंग केलं आणि नसलेला कागद ओढत बसलो. बाईंनी प्रती परत माझ्या टेबलावर ठेवल्या, कडा जुळवून, आणि त्या आपल्या जागेवर गेल्या.

त्या दिवशी दीड वाजता बाई उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी एका बाईमाणसाच्या हातातला नकाशा त्यांनी टेबलावर आपटला आणि तो जुना आवाज कचेरीत पुन्हा ऐकू आला. दारातला पहारेकरी येणाऱ्यांना पुन्हा खुणा करू लागला, उद्या सकाळी या.

मी मूग गिळून बसलो होतो. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती. माझीही फाइल स्वच्छ होती, आणि एकदा का सक्त ताकीद फाइलला लागली की ती कायमची. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती पुढे काही ऐकून घेईना.

"तुम्ही साहेबांना सांगितलंत की नाही?"

"सांगणार आहे."

"कधी? त्या बाई निवृत्त झाल्यावर?"

मी ताट सारून उठलो. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो आणि पुन्हा प्रिंटरमागे लपलो. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती. हे मी आज कबूल करतो.

पाचव्या दिवशी साहेबांनी बाईंना आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, माझ्या मुलाच्या वयाचा, मुख्य कचेरीला टरकून असलेला. दार उघडंच होतं.

"मॅडम, सोपं आहे," साहेब म्हणाले. "रोजच्या तारखेला एकेका जागेचं नाव टाका. पाहणी केली, आक्षेपार्ह काही आढळलं नाही, असं लिहा. मी सही करतो. प्रकरण मिटलं."

"पण मी पाहणी केलेली नाही, साहेब. मी फिरायला गेले होते."

"ते मला माहीत आहे हो. कागदाला कुठे माहीत आहे?"

"मग कागदाला सांगते," बाई म्हणाल्या. "दैनंदिनीच हवी ना त्यांना? देते. जशी आहे तशी."

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या टेबलावर फिरती दैनंदिनीचे छापील नमुने आणून ठेवले, एकूण एक भरलेले. डॉक्टरांनी लिहायला लावलेल्या वहीवरून सगळं उतरवलं होतं. "चार वाजेपर्यंत टाइप करून द्या," त्या म्हणाल्या. "आणि एकही शब्द बदलू नका." प्रती मागितल्यानंतर त्या माझ्याशी बोललेली ही पहिली दोन वाक्यं.

मी टाइप करायला बसलो. दीड वाजला, डबा तसाच राहिला, झोपेची आठवणही झाली नाही.

'दिवस पहिला. ठिकाण: मागील खुली जागा. कारण: फिरणे. निष्पत्ती: चपलेत खडा. बघण्यासारखं काही नाही. दुपारी दोघांवर ओरडले.'

'दिवस सहावा. झाडं मोजली. एकोणतीस. नावं माहीत नाहीत, म्हणून क्रमांक दिले.'

इथे मला हसू आलं. झाडांना क्रमांक देणारी बाई दुसरी कुठे मिळणार! पण पुढे हसू टिकलं नाही.

'दिवस तेरावा. एक काळा-पांढरा पक्षी पाण्यावर एकाच जागी पंख मारत थांबला आणि दगड पडावा तसा खाली पडला. मला वाटलं, मेला. चोचीत मासा घेऊन वर आला. मोठ्याने हसले. दुपारी डोळे बरे. कुणावर ओरडले नाही.'

'दिवस एकविसावा. झाड क्रमांक सातच्या मुळांनी वाट उचलली आहे. नकाशात वाट सरळ आहे, जागेवर वाकडी. वाकडी बरी वाटते.'

'दिवस तिसावा. लेक म्हणाली, आई, तू घरी आलीस की मी आवाज बारीक करायचे, टीव्हीचा नाही, माझाच. हल्ली विसरते म्हणाली.'

'दिवस बावन्नावा. टंकलेखकांनी पानांची मापं विचारली. राग आला नाही. त्यांनीही एकदा यावं असं वाटलं. बोलवायला गेले तर ते झोपले होते.'

हे मी दोनदा वाचलं आणि तसंच टाइप केलं. मधली कितीतरी पानं पावसाची होती, उन्हाची होती, झाड क्रमांक बाराची पानं झडल्याची होती, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळ्यांचा आणि रागाचा हिशेब. रागाच्या रकान्यात शून्यं वाढत गेली होती. मग एक पान आलं.

'दिवस सत्तरावा. वाटेच्या टोकाला कुंपणापलीकडे एक घर. बाहेरून जिना. ते आजोबा बायकोला धरून वर नेत होते. एक पायरी, थांबायचं, पुन्हा एक पायरी. ओळखलं. तशीच मागे फिरले. दुपारी डोळे चांगले, मन वाईट.'

'दिवस एकाहत्तरावा. त्या टोकाला गेले नाही.'

'दिवस बहात्तरावा. गेले नाही.'

आठ दिवस हेच. आठही वेळा मी ते जसंच्या तसं टाइप केलं, आणि एकदाही मला मागचा कागद उघडून तारीख बदलावी असं वाटलं नाही.

'दिवस एकोणऐंशीवा. गेले. कुंपणाशी उभी राहून हाक मारली. म्हटलं, तुमच्यावर ओरडायला नको होतं, मी चुकले. ते म्हणाले, नकाशा वाईटच होता. मी म्हटलं, हो, पण तुम्ही नव्हता. मग पावलांनी अंतर मोजलं. दार पूर्वेऐवजी उत्तरेला घेतलं की नियमात बसतं. नकाशा घेऊन या, म्हटलं. त्यांनी विचारलं, सकाळी येऊ ना? मी म्हटलं, दुपारी या.'

मला ते आठवलं. म्हणजे आजोबा आल्याचं आठवलं नाही, तळमजल्यावरच्या एका छोट्या बाथरूमच्या मंजुरीचं पत्र आठवलं. रोजच्यासारखं बडवून मी ते बाजूला टाकलं होतं. समोर कोण उभं आहे ते मान वर करून बघितलंही नव्हतं.

शेवटचा नमुना त्याच आठवड्याचा होता.

'फिरायला गेले नाही. कारण: चौकशी. निष्पत्ती: फिरणेचं फिरती कुणी केलं हे अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून सांगितलेलं नाही. विचारलं तर सांगावं लागेल. त्याआधी ते स्वतःच सांगतील असं वाटतं.'

पडद्यावरची अक्षरं मला धड दिसेनात. मी मान वर केली. बाई एका नकाशावर वाकल्या होत्या, पट्टी लावून, डोळे लालभडक. एकोणीस वर्षं त्यांना सगळ्यात लांबचा दिसणारा माणूस मी, आणि या अशा माणसाबद्दल त्यांनी 'असं वाटतं' लिहिलं होतं, तेही मुख्य कचेरीला जाणाऱ्या कागदावर. मी ते शेवटचं वाक्य टाइप केलं. मग टाइप केलेली दैनंदिनी घेतली, नोंदवही घेतली, गोषवाऱ्याच्या अकरा प्रती घेतल्या आणि साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"साहेब, 'णे' काढून 'ती' मी घातलं."

"काय घातलं?"

मी वही आणि प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आणि बोट ठेवून दाखवलं. साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते खुर्चीत मागे रेलले.

"हे तुमच्या फाइलला लागेल, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग आठवडाभर काय करत होतात?"

"भीत होतो, साहेब."

मी टाइप केलेली दैनंदिनी त्यांनी पुढे ओढली आणि वाचायला घेतली. मी उभाच. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हे झाड क्रमांक सात, ते फाटकातून दिसतं का हो?" मला कुठे माहीत असायला! अकरा महिने फाटकाकडे पाठ करून झोपलो होतो मी.

प्रकरण मिटलं. टंकलेखनातील चूक, नोंदवहीत मूळ शब्द योग्य, हजेरीपटानुसार रोज दहा मिनिटं आधी उपस्थिती, सबब आक्षेप नाही, असं उत्तर गेलं. मला सक्त ताकीद मिळाली. ती मलाच टाइप करायची होती, कारण कचेरीत दुसरा टंकलेखक नाही. 'शब्दाचा अर्थ लक्षात न घेता परस्पर बदल केल्याबद्दल' असं मी स्वतःविरुद्ध लिहिलं, सही केली आणि फाइलला लावलं. फार दुखेल असं वाटलं होतं. तेवढं दुखलं नाही.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर बाईंनी हात वर केला. घड्याळात दीड वाजला होता. त्यांनी चष्मा पुसला, नोंदवहीत आपली ओळ लिहिली आणि पेन तसंच माझ्याकडे धरलं. मी खाली माझं नाव लिहिलं, वेळ लिहिली. कारण: फिरणे. आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द आहे तसा लिहिला.

फाटकापासून झाड क्रमांक सातपर्यंत जाताना मला धाप लागली. बाई थांबल्या, मी चालू लागल्यावर चालू लागल्या. वाट खरंच वाकडी होती. काळा-पांढरा पक्षी काही दिसला नाही, पण पाण्यावरून वारा येत होता आणि माझे डोळे कशावरही न टेकता लांबवर जात होते, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. वाटेच्या टोकाला ते घर आलं. खालच्या मजल्याला एक नवी छोटी खोली होती, गिलावा अजून ओला, दार उत्तरेला. दाराबाहेर खुर्ची टाकून एक आजी उन्हात पाय सोडून बसल्या होत्या. आजोबा कुंपणापाशी आले. बाईंना बघून त्यांचा चेहरा खुलला, मग त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आणि हे कोण?"

मला मान वर करवेना. ज्या पत्राने त्यांचा प्रस्ताव पहिल्यांदा नाकारला गेला, ते मी बडवलेलं. आता बाई खरं तेच सांगणार, हे मला माहीत होतं. त्यांना दुसरं काही येतच नाही.

"हे आमचे टंकलेखक," बाई म्हणाल्या. "फिरतीवर आलेत."

एकोणीस वर्षांत बाईंच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं, आणि ते त्या माझ्यासाठी बोलल्या. मी त्यात काही दुरुस्ती केली नाही.